सहलीचं बेट आणि सव्वा महिना

 

मी डोंबिवलीत राहते, माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं. आज तुम्हाला एका सहलीची गोष्ट सांगणार आहे. ती सुरू होते मजेनं, पण मजेवर संपत नाही. शेवटी ती आपल्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत येऊन थांबते. कशी, ते ऐका.

आमची अकरा जणींची भिशी आहे. चार वर्षं पैसे साठवले आणि ठरवलं, की एकदा तरी विमानात बसायचं. कुणी म्हणालं दुबई, कुणी म्हणालं थायलंड. शेवटी मॉरिशस ठरलं, कारण एकीनं ऐकलं होतं की तिथे गणपती बसतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. ते खरं निघालं. मॉरिशस म्हणजे आफ्रिकेच्या बाजूला, हिंदी महासागरात असलेला एक छोटा बेटांचा देश. मुंबईहून विमानानं सहा तासांच्या आसपास लागतात.

तिथे एक पूर्ण दिवस बोटीच्या सहलीचा होता. देशाच्या उत्तर टोकाला ग्रां बे नावाचं गाव आहे. तिथून सकाळी शिडाची बोट निघते. दोन होड्या शेजारी शेजारी ठेवून वर एकच फळी टाकावी तशी ती दिसते. तिला कॅटामरान म्हणतात. सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावलं. आमच्यातल्या दोघी आधीच देवाचं नाव घ्यायला लागल्या होत्या. वाटेत समुद्रातून उभा राहिलेला एक मोठा खडक लागतो, त्याच्या कड्यावर पांढरे, लांब शेपटीचे पक्षी घिरट्या घालत होते. पुढे दोन बेटं दिसतात. एक मोठं, त्याच्यावर दीपगृह. त्याचं नाव सपाट बेट, फ्रेंच भाषेत ईल प्लात. दुसरं त्याच्या शेजारी, अगदी लहान, त्याचं नाव गॅब्रिएल. किनाऱ्यापासून अंतर दहा-बारा किलोमीटर. गेट वे ऑफ इंडियापासून घारापुरी जेवढी लांब, साधारण तेवढंच म्हणा ना.

आम्ही गॅब्रिएल बेटावर उतरलो. काय पाणी होतं बायांनो! काचेसारखं. पायाखालची वाळू दिसत होती. बोटीवर मासे भाजले, भात केला. एकीची चतुर्थी होती, तिला केळी आणि अननस मिळाला. फोटो काढले. साडी गुडघ्यापर्यंत खोचून आम्ही पाण्यात उभ्या राहिलो आणि लहान पोरींसारख्या हसलो.

मग आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या मावशींनी बोटीवरच्या माणसाला विचारलं, "इथे कुणी राहत नाही का? विहीर कुठे दिसली नाही." त्याला हिंदी येत होतं. तो म्हणाला, "नाही. पूर्वी इथे क्वारंटाइन होतं. तुमच्याच देशातून आलेल्या लोकांना इथे ठेवायचे. पुष्कळ मेले."

क्वारंटाइन. हा शब्द आपल्याला आता कुणी समजावून सांगायला नको. २०२० साली तो आपल्या गल्लीगल्लीत आला. आम्ही सगळ्या एकदम गप्प झालो. परत आल्यावर मी वाचनालयातून पुस्तकं आणली, ओळखीच्या प्राध्यापक बाईंना विचारलं, आणि जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

आधी हे पाहू, की आपली माणसं तिथे गेली कशाला. मॉरिशस बेटावर मुळात माणूसवस्तीच नव्हती. डच आले, ते सोडून गेले. मग फ्रेंच आले. १८१० साली इंग्रजांनी ते जिंकून घेतलं. फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी तिथे ऊस लावला. ऊसतोडणी म्हणजे काय, ते आपल्याकडच्या बाईला विचारा. कोयता हातात, मूल बांधावर, उन्हाचा तडाखा. हे काम तिथे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून करून घेत. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली. इंग्रज सरकारनं आपल्या सगळ्या वसाहतींतल्या मळेवाल्यांना मिळून दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. गुलामांना मात्र एक पैसा दिला नाही. मोकळे झालेले लोक मळ्यावर थांबेनात. मग मळेवाल्यांना नवे हात हवे झाले, आणि त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून ३६ मजूर मॉरिशसला उतरले. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत सुमारे साडेचार-पाच लाख माणसं हिंदुस्थानातून तिथे गेली. ती करारावर जात. करार म्हणजे अ‍ॅग्रीमेंट, त्याचंच लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झालं आणि जाणारे झाले गिरमिटिये. करार पाच वर्षांचा. सुरुवातीच्या काळात पुरुषाचा पगार महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, कपडे. एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांचा पगार कापत. बहुतेक लोक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, कलकत्त्याहून जाणारे. काही मद्रासहून. आणि थोडे मुंबई बंदरातून, त्यांत आपली कोकणातली माणसं होती. मराठी मजूर. त्यांच्यासोबत बायकाही गेल्या. कुणी नवऱ्यासोबत, कुणी विधवा, कुणी घरातून निघालेली. पुरुषांच्या मानानं बायका थोड्याच होत्या. गावात त्यांना काय काय बोलले असतील, ते तुम्ही ओळखू शकता. पण त्या गेल्या. कित्येक आठवडे शिडाच्या जहाजात काढले, आणि परक्या मुलखात उतरून चूल पेटवली.

आता बेटाकडे येऊ.

त्या काळात पटकी, म्हणजे कॉलरा, जगभर फिरत होता. १८५४ साली मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुई शहरात, पटकीची मोठी साथ आली आणि हजारो लोक मेले. बेटावरचे गोरे लोक घाबरले. ते म्हणू लागले की हा रोग मजुरांच्या जहाजांतून येतो. घाबरण्यात चूक नव्हती. जहाजावर पटकी खरोखरच असायची. कोंदट तळघर, शेकडो माणसं, एकच पाण्याचं पिंप, तिथे पटकी पसरायला काय वेळ लागतो? पण घाबरल्यावर त्यांनी काय केलं, ते महत्त्वाचं आहे.

जानेवारी १८५६. कलकत्त्याहून मजुरांनी भरलेली दोन जहाजं आली. एकाचं नाव 'हैदरी', दुसऱ्याचं 'फत्ते मुबारक'. जहाजांवर पटकी होती. बंदरात घ्यायला नकार मिळाला. शेकडो माणसांना त्या लहानशा गॅब्रिएल बेटावर उतरवण्यात आलं. तिथे धड निवारा नव्हता. पुरेसं अन्न नव्हतं, गोड्या पाण्याची वानवा होती, औषधपाण्याची सोय नव्हती. जानेवारी म्हणजे तिकडचा भर उन्हाळा आणि वादळांचा मोसम. आठवड्यामागून आठवडे माणसं तिथे पडून राहिली. अडीचशेहून अधिक जण मेले. समोर दहा-बारा किलोमीटरवर मॉरिशसचे डोंगर त्यांना रोज दिसत असणार. आम्हाला जसे दिसत होते, तसेच.

याची चौकशी झाली, बोभाटा झाला. हिंदुस्थानातल्या सरकारनं त्या वर्षी मॉरिशसला मजूर पाठवणं काही काळ थांबवलं. पुढे शेजारच्या सपाट बेटावर क्वारंटाइनसाठी इमारती बांधल्या गेल्या. म्हणजे सुधारणा झाली, पण आधी माणसं गेली आणि मग झाली.

मैत्रिणींनो, आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते, जी वाचून मला रात्रभर झोप आली नाही. पटकीनं माणूस मरतो कशानं? जंतू पोटात जातो, जुलाब-उलट्या होतात, आणि अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात. माणूस अक्षरशः वाळून मरतो. त्या वेळी हे नीट माहीत नव्हतं. लंडनमध्ये जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं १८५४ साली दाखवून दिलं होतं की रोग घाण पाण्यातून पसरतो. एका सार्वजनिक पंपाचा दांडा काढून टाकायला त्यानं लावला होता. पण बहुतेकांनी त्याचं ऐकलं नाही. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं १८८४ साली आपल्या कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला. आणि १९७१ साली, बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी, बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि साखर पाण्यात कालवून रोग्यांना पाजायला सुरुवात केली. पाजत कोण होतं? आया, बहिणी, शेजारणी. त्या छावणीत शंभरातले तीस रोगी मरत होते, ते प्रमाण चाराच्याही खाली आलं.

मीठ, साखर आणि स्वच्छ पाणी. साखर! त्या बेटावर मेलेली माणसं साखर पिकवायला निघाली होती. चार चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि हंडाभर चांगलं पाणी वेळेवर मिळालं असतं, तर त्यांतली कितीतरी वाचली असती. तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं, हे मान्य. पण तहानलेल्याला पाणी द्यावं, हे तर माणसाला तेव्हाही ठाऊक होतं.

हे सांगतेच आहे तर प्रमाण पुन्हा एकदा ऐकून घ्या. कागद-पेन असेल तर लिहा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. त्यात चहाचे सहा चमचे साखर, चमचे सपाट, शीग लावायची नाही. आणि अर्धा चमचा मीठ, तेही सपाट. मीठ त्याहून जास्त नको. नीट ढवळा आणि थोडं थोडं, घोट घोट पाजत राहा. तान्ह्या बाळाला अंगावरचं दूध चालू ठेवा. आशाताईकडे ओआरएसची पुडी मिळते, ती असेल तर सगळ्यात उत्तम. मूल मलूल झालं, पिईना, डोळे खोल गेले, शौचातून रक्त पडलं, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं समुद्रापलीकडचं. आपला काय संबंध? म्हणून आपल्या कल्याणला येऊ.

कल्याण हे जुनं बंदर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांच्या पुस्तकात त्याचं नाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, असं तिथले शिलालेख सांगतात. म्हणजे परदेशची जहाजं, परदेशची माणसं आणि त्यांच्यासोबत येणारे आजार हे काही कल्याणला नवे नव्हेत. १८५४ साली कल्याणला आगगाडी आली आणि पुढे ते मोठं जंक्शन झालं. एक फाटा नाशिककडे, एक पुण्याकडे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. लोक घाबरून शहर सोडून पळू लागले. तेव्हा कल्याण स्टेशनात उतारूंची तपासणी सुरू झाली. गाडी थांबायची, लोकांना उतरवायचे, काखेत-जांघेत गाठ आहे का, ते पाहायचे. संशय आला तर छावणीत पाठवायचे. बायकांना परक्या पुरुषांनी तपासावं यावरून तेव्हा ठिकठिकाणी फार संताप झाला, आणि तो साहजिक होता. पुढे बायकांना तपासायला बायका नेमाव्या लागल्या.

१८९७ च्या फेब्रुवारीत सरकारनं साथरोग कायदा केला. हा कायदा लक्षात ठेवा. २०२० च्या मार्चमध्ये आपल्या राज्यात करोनासाठी जो कायदा लावला, तो हाच. एकशे तेवीस वर्षांचा जुना.

त्याच १८९७ साली, त्याच प्लेगमध्ये, पुण्याजवळ दुसरीही एक गोष्ट घडली. ती तुम्हाला ठाऊक आहे, पण आज पुन्हा सांगते. सावित्रीबाई फुले तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला होता. गावापासून वेगळा, मोकळ्या हवेत. म्हणजे तेही एका अर्थी क्वारंटाइनच होतं. मुंढव्याचा एक आजारी मुलगा होता, त्याला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. एकीकडे गॅब्रिएल बेट, एकीकडे हडपसरचा माळ. दोन्हीकडे रोग्याला गावापासून वेगळं ठेवलं. एकीकडे नेऊन टाकलं, आणि दुसरीकडे पाठीवर उचलून आणलं.

क्वारंटाइन हा शब्द आला इटलीतून. पूर्वी तिथल्या बंदरांत, रोगाच्या गावाहून आलेलं जहाज चाळीस दिवस बाहेर थांबवत. चाळीस या शब्दावरून तो शब्द बनला. हे वाचलं आणि मला हसू आलं. चाळीस दिवस म्हणजे आपला सव्वा महिना! आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना वेगळं ठेवतातच की. वेगळी खोली, खाट, बाहेरच्यांनी ऊठसूट आत जायचं नाही. पण त्या खोलीत काय काय असतं आठवा. शेक, शेगडी, गरम पाणी, तेल लावायला बाई, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. आई दहा वेळा दारात डोकावते, "बाळे, काय हवं का?" तिथे वेगळं ठेवणं म्हणजे जपणं. काही घरांत बाळंतिणीला अंधाऱ्या, ओल्या खोलीत टाकतात, विटाळ म्हणून पाणीसुद्धा लांबून देतात, तेही आपल्याला माहीत आहे. तोच सव्वा महिना, तीच खोली, पण एका घरात ती बाई बरी होते आणि दुसऱ्या घरात ती खचते.

आता माझ्या माहेरच्या शाळेची गोष्ट. हे सांगायला मला जड जातंय.

२०२० च्या मे महिन्यात माझा भाऊ, वहिनी आणि दोन मुलं डोंबिवलीच्या चाळीतून गावी निघाली. काम बंद, भाड्याचे पैसे नाहीत, करायचं काय? कसेबसे गावी पोचले. गावानं त्यांना वेशीवर थांबवलं आणि शाळेत ठेवलं, चौदा दिवस. त्यात गावाची चूक नव्हती. पण शाळेच्या टाकीत पाणी नव्हतं. संडासाचं दार मोडलेलं होतं. पहिले दोन दिवस त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. वहिनीची पाळी आलेली. ती रात्री अंधार पडल्यावर ओढ्यावर जायची.

आणि मी? मी आईला फोन केला होता. काय सांगितलं मी? "आई, त्यांना दारात घेऊ नकोस, तुझं वय झालंय. शाळेकडे फिरकू पण नकोस." आईच्या काळजीनंच बोलले. पण त्यांना पाणी कोण देणार, हा प्रश्न माझ्या तोंडून एकदाही आला नाही. माझ्या सख्ख्या भावाला आणि वहिनीला मी मनातल्या मनात बेटावर नेऊन ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी गावातल्या बचत गटाच्या बायका एकत्र आल्या. त्यांतल्या एकीनं विचारलं, "आपण मास्क शिवतोय सगळ्या तालुक्यासाठी, आणि शाळेतल्या लेकरांना पाणी नाही?" त्यांनी पाळ्या लावल्या. रोज दोन हंडे शाळेच्या फाटकाशी. भाकरी-कालवण डब्यात, डबा फाटकावर ठेवून मागे सरकायचं, आतल्यानं घ्यायचा. साबण, जुनी लुगडी, वहिनीसाठी पॅड. संडासाच्या दाराला गोणपाट शिवून लावलं. कुणी आत गेलं नाही, कुणी नियम मोडला नाही, आणि चौदा दिवसांनी चौघंही धडधाकट घरी आली. ती शाळा, तोच नियम, तेच चौदा दिवस. फरक केला तो दोन हंड्यांनी.

म्हणून त्या बेटावर "विहीर कुठे दिसली नाही" असं मावशी म्हणाल्या, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पाण्याचा प्रश्न बाईलाच का सुचतो, ते मला त्या दिवशी कळलं.

परतीच्या बोटीत गाणी लावली होती. आम्ही गप्प बसून होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला. मजूर जहाजातून उतरले की या जागी आणत, नोंद करत, आणि मग मळ्यांवर पाठवत. धक्क्यावरून वर जायला दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. साध्याच, झिजलेल्या. २००६ साली युनेस्कोनं या जागेला जागतिक वारसा म्हणून मान दिला. दर वर्षी २ नोव्हेंबरला त्या देशात मजुरांच्या आगमनाची सुट्टी असते. तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जिल्हा, गाव. पुढच्या काळातल्या लोकांचे तर फोटोही आहेत. आज तिथल्या माणसांना आपल्या पणजोबाचं, पणजीचं गाव शोधायचं असेल तर ते या वह्यांकडे जातात.

मराठी लोकांची तिथली आडनावं ऐकलीत तर गंमत वाटेल. रामजी, भिकाजी अशी. वहीत जे पाळण्यातलं नाव लिहिलं, तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. घरात ते क्रिओल बोलतात, पण गणपतीत झाकरी नाचतात. झाकरी म्हणजे आपल्या कोकणातला जाखडी नाच, समुद्र ओलांडून गेलेला. जहाजात त्यांच्याजवळ एक बोचकं होतं, पण नाच आणि आरती डोक्यात होती, ती कुणाला काढून घेता आली नाही. जे मळ्यावर पोचले, त्यांनी एक देश उभा केला. जे गॅब्रिएलवर राहिले, त्यांच्यासाठी आम्ही काहीच करू शकत नव्हतो. मावशींनी घाटाच्या पायरीवर आपल्या बाटलीतलं थोडं पाणी ओतलं आणि हात जोडले. आम्हीही जोडले.

मैत्रिणींनो, सहलीला जरूर जा. घारापुरीला जा, मुरुड-जंजिऱ्याला जा, भिशी जमली तर परदेशात जा. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसू नका, कुणी हसलं तरी हसू द्या. आणि कुठल्याही बेटावर उतरलात की मावशींसारखं विचारा, इथे पूर्वी कोण राहायचं, पाणी कुठून यायचं?

एक काम मात्र सहलीशिवायही करता येईल. साथ पुन्हा येणारच, आज ना उद्या. येत्या ग्रामसभेत आपल्या गटातर्फे एवढं विचारा, की उद्या गावात कुणाला वेगळं ठेवायची वेळ आली तर कुठे ठेवणार? तिथे पाण्याची टाकी भरलेली आहे का? संडासाला दार आणि आतून कडी आहे का? बाईमाणूस असेल तर तिच्याकडे कोण पाहणार? ओआरएसच्या पुड्या आहेत का? उत्तर मिळालं की ते लिहून घ्या, तारखेसकट. आपल्या गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत त्यासाठी एक पान ठेवा. वेळ आली तर ते पान उघडून दाखवता येईल.

माझ्या वहिनीला मी हे सगळं गेल्या दिवाळीत सांगितलं. ती ऐकत होती, मग म्हणाली, "अक्का, त्या दोन हंड्यांतला एक पितळेचा होता, अजून आठवतो." एवढंच बोलली आणि चहा ठेवायला उठली.

आपला निरोप घेते. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.